ओट्यावरचं मशीन

सकाळी सातच्या सुमाराला आमच्या ओट्यावर पहिली हाक येते. "अक्का, मशीन दे वं, आजीले चक्कर यी ऱ्हायनी!" समोरच्या घरातला आठवीतला पोरगा असतो, डोळ्यांत अजून झोप. आई देव्हाऱ्यापुढून उठते, कोनाड्यातली निळी पिशवी काखेत मारते आणि पोराच्या हाती न देता स्वतःच त्याच्या मागं निघते. मशीन एकटं कुणाच्या घरी जात नाही, असा तिचा नियम आहे. नियमामागं कारण आहे, ते पुढं येईलच.

चाळीसगावच्या जुन्या वस्तीत, तितूर नदीपासून हाकेच्या अंतरावर आमची गल्ली. पंधरा-सोळा घरं. इथं कपडे शिवायचं ते शिलाई मशीन, दळायची ती चक्की, पाणी ओढायची ती मोटर. नुसतं 'मशीन' म्हटलं की ते एकच, आमच्या घरचं बीपीचं मशीन. गल्लीत लहानाचं मोठं झालेल्या पोराला जसं कुणी आडनावानं हाक मारत नाही, तसं याचंही झालंय.

दिसायला अगदी साधं. तळहाताहून थोडं मोठं, एके काळी पांढरं, आता जुन्या दातांसारखं पिवळसर. पोटात चार पेन्सिल सेल. समोरचं मोठं बटण इतक्या बोटांनी दाबलंय की त्यावरची अक्षरं पुसून गेलीत. दंडाला बांधायच्या पट्टीवर जो चिकटणारा भाग असतो ना, त्याच्या काट्यांत साऱ्या गल्लीचे धागे अडकलेत. आईच्या सुती पातळाचे, शेजारच्या जिजींच्या नऊवारीचे, गल्लीतल्या आबांच्या सदऱ्याचे. मी एकदा सुई घेऊन ते काढायला बसलो होतो. निम्मे काढले आणि थांबलो. कुणाचा धागा कुठला हे ओळखू यायला लागलं, मग काढवेना.

बटण दाबलं की आधी घुर्र असा आवाज येतो. पट्टी फुगते, दंड आवळते. नवखा माणूस इथं हमखास श्वास रोखतो. मग पट्टी हळूहळू सैल होते, काचेवर इवलंसं हृदय उघडझाप करायला लागतं, आणि शेवटी फुस्स करून सगळी हवा सोडून मशीन तीन आकडे मांडतं. वरचा, खालचा आणि नाडीचा. आमच्याकडं विचारतात तेही तसंच, "वरलं कितलं उनं? खाललं कितलं?"

सुरुवातीला त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. जिजींनी पहिल्यांदा पट्टी बांधून घेतली तेव्हा काचेकडं रोखून पाहत त्या म्हणाल्या होत्या, "पारा नही, मंग काय मोजस हाई?" त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांनी आयुष्यभर डॉक्टरांच्या टेबलावरची ती लांबट पेटी पाहिलेली. झाकण उघडलं की काचेच्या नळीत चकाकणारा पारा उभा. डॉक्टर रबरी फुगा दाबत, पारा वर चढे, मग कोपरावर नळी लावून ते कान देऊन ऐकत. त्या ऐकण्यात आदर होता. आपल्या रक्ताचा आवाज कुणीतरी शिकलेला माणूस मान तुकवून ऐकतोय, हे रुग्णाला दिसायचं. ही ऐकण्याची पद्धत रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली मांडली, आणि शंभर वर्षं सगळ्या जगानं तीच चालवली. पारा मात्र विषारी. २०१३ च्या मिनामाता करारात जगातल्या देशांनी पाऱ्याची मोजयंत्रं हळूहळू बंद करायचं ठरवलं, आणि ती पेटी दवाखान्यांतून निघत गेली.

आमचं मशीन ऐकत नाही. ते चाचपतं. आवळलेल्या दंडातून रक्त पुन्हा वाट काढायला लागलं की धमनीचा प्रत्येक ठोका पट्टीतल्या हवेला बारीकसा हिसका देतो. मशीन ते हिसके टिपतं, कुठं सर्वांत मोठे झाले ते बघतं, आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा हिशेबानं काढतं. म्हणजे काचेवर दिसतो तो आकडा त्यानं थेट पाहिलेला नसतो, हिशेबानं मांडलेला असतो. म्हणूनच ज्याची नाडी अनियमित चालते त्याच्या बाबतीत त्याचा हिशेब चुकू शकतो. म्हणूनच जाड दंडाला लहान पट्टी बांधली तर ते उगाच जास्त आकडा दाखवतं. हात लोंबता ठेवला तरी जास्त, पायावर पाय टाकून बसलं तरी जास्त, जिना चढून आल्या आल्या मोजलं, चहा-तंबाखू होऊन अर्धा तास झालेला नसला, लघवी दाबून धरली असली, तरी जास्त. आणि बोललं तर हमखास जास्त.

इथंच मशीनचा आणि आमच्या गल्लीचा पहिला खटका उडाला. आमची माणसं बोलल्याशिवाय बसू शकत नाहीत. पट्टी बांधायला दंड पुढं केला की तोंड सुरू. सुनेचं, उसाच्या बिलाचं, पाऊस लांबल्याचं. आबांचं तर मोजमाप व्हायचं आणि त्यांच्या भावकीतल्या बांधाच्या भांडणाची तारीखही कळायची. एका सकाळी त्यांचं वरचं १६८ आलं. आईनं पट्टी सोडली, त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, पाय जमिनीला टेकवायला लावले, हात उशीवर छातीच्या उंचीला ठेवला आणि म्हणाली, "आबा, आता पाच मिनिटं बोलायचं नाही." त्याआधी गल्लीत कुणी आबांना पाच मिनिटं गप्प पाहिलं नसेल. पुन्हा मोजलं, १४६. आबांनी दोन्ही आकडे ऐकले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, बावीसचा फरक म्हणजे त्या बांधाचा.

मला वाटतं, या मशीननं गल्लीला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट आकडा नव्हेच. ही पाच मिनिटं आहेत. पहाटे चारला उठून पाणी भरणारी, डबे करणारी, भाकरी थापणारी बाई दिवसभरात भिंतीला पाठ टेकून, हात उशीवर ठेवून, कुणाचं काही न ऐकता पाच मिनिटं बसते ती केवळ मशीनपुढं. ओट्यावर बसलेल्या त्या बायकांचे चेहरे मी पाहिलेत. तिसऱ्या मिनिटाला खांदे खाली येतात.

मशीन आमच्या घरात आलं ते २०२० च्या पावसाळ्यात. कोरोनाची पहिली लाट चढत होती. आईला बारा वर्षांपासून बीपीची गोळी चालू, आणि दवाखान्यात जायची भीती. तेव्हा माझ्या धाकट्या भावानं मेडिकलमधून दोन वस्तू आणल्या. हे मशीन आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. त्या वर्षी १५ सप्टेंबरला राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आशाताई, म्हणजे 'आशा' आरोग्य कार्यकर्त्या, दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरू लागल्या. ज्या गल्लीत कुणी थर्मामीटर वाचत नव्हतं, त्या गल्लीत पोरंसोरं 'पंचाण्णव आहे, ठीक आहे' असं बोलू लागली. ऑक्सिमीटरनं त्या दोन वर्षांत जे पाहिलं ते कुणी पाहू नये. आता तो कपाटाच्या खणात पडून आहे, सेल काढून. त्याला हात लावायला आईला आवडत नाही. त्यानं आमच्या घरातला एक आकडा ८१ दाखवला होता.

मशीन राहिलं, कारण बीपी कोरोनासारखा येऊन जात नाही. तो राहायलाच येतो. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात देशातल्या प्रौढ माणसांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं. तीनात एक. आमच्या ओट्यावरचा अनुभव याहून वेगळा नाही. आणि खान्देशात राहून मिठाचं नाव न घेता हे बोलता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा पूर्ण नाही. आमच्याकडं शेवभाजीत मीठ, वरून शेवेत मीठ, सोबत पापड, पापडात मीठ आणि पापडखारही, बाजूला ठेचा आणि लोणचं. उन्हाळ्यात गच्च्या-गच्च्यांवर बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड वाळत पडतात आणि लाटून झाल्यावर बायका कच्च्या लाट्या खातात. एका एप्रिलमध्ये पापडांचे चार दिवस झाल्यावर आईनं लाटणाऱ्या सगळ्यांना ओळीनं मोजलं. सातपैकी पाच जणींचं वरचं १४० च्या पुढं. त्यांतल्या तिघींनी आयुष्यात कधी बीपी मोजलाच नव्हता. "माले काही व्हयेल नही," असं तिघीही म्हणाल्या. बीपीचं हेच आहे. काही होत नाही, होत नाही, आणि मग होतं.

एका दुपारी गल्लीतल्या एका घरची सून आली. माहेरी जायची तयारी चाललेली, आठवा महिना. पायावर सूज होती, पण सूज या दिवसांत असतेच असं घरातले म्हणत होते. डोकं दुखत होतं, तर ते उन्हानं असेल. ती आईशी गप्पा मारायला आली होती, मोजायला नव्हे. आईनं सहज म्हणून पट्टी बांधली. मशीन घुरघुरलं, सुटलं, आणि १५६/१०२ दाखवून थांबलं. पाच मिनिटं बसवलं. १५४/१०२. आईनं तिसऱ्यांदा मोजलं नाही. तिनं आशाताईंना फोन लावला. ताई दहा मिनिटांत आल्या, सूज दाबून पाहिली, खड्डा पडतोय हे पाहिलं, आणि रिक्षा बोलावून तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथून रात्रीच तिला धुळ्याला हलवलं. गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० च्या वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली तर त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो; झटकेही येतात. हे मला तेव्हा कळलं. धुळ्याहून ती दोघं परतली तेव्हा बारशाच्या दिवशी त्या घरानं पहिला पेढा देवापुढं ठेवला, दुसरा मशीनपुढं. आईला ते आवडलं नाही. "पेढा आशाताईंना द्या," ती म्हणाली. "मशीननं आकडा दाखवला. पळाल्या त्या."

आता मशीन एकटं का जात नाही, ते कारण सांगतो.

माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, आमच्या घरापासून चार दारं पुढं राहायचे. बीपीची गोळी सुरू होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. त्यांना गोळीचा राग होता. गोळी म्हणजे आजारीपणाची कबुली, असं त्यांना वाटे. आमच्या घरात मशीन आहे म्हणून पुढं ते रोज संध्याकाळी पोराला पाठवून मशीन मागवायचे, एकटेच मोजायचे. १३०, १२८, १२६. दर वेळी आकडा चांगला. एका महिन्याच्या अशा आकड्यांनंतर त्यांनी गोळी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. बीपी बरा झाला असं त्यांना मनापासून वाटलं, कारण मशीन रोज तसं सांगत होतं. पुढं मोजणंही सुटलं. बरं झालेल्या माणसानं काय मोजायचं? सात आठवड्यांनी एका पहाटे त्यांचा उजवा हात उचलेना आणि तोंड वाकडं झालं. लकवा. धुळ्याला नेलं, जीव वाचला. हात अजून पूर्ण आला नाही. बोलताना शब्द अडतो.

गल्लीत लोक म्हणाले, "मशीन खोटं बोलनं." मशीन खोटं बोललं नव्हतं. १२८ खराच होता. गोळी घेत होते म्हणून तो १२८ होता. ही एक ओळ त्या काचेवर मावत नव्हती, आणि ती सांगायला तिथं माणूस नव्हता. मशीन एकटंच गेलं होतं त्यांच्या घरी. मीच दिलं होतं काढून, रोज, पोराच्या हातात.

त्या दिवसापासून मशीन एकटं जात नाही. आणि त्याच आठवड्यात आईनं शंभर पानांची रेघांची वही आणली.

वहीची गोष्ट अशी. मशीनला आठवण असते. एम लिहिलेलं बटण दाबत गेलं की मागचे साठ आकडे एकेक करून समोर येतात, तारखेसह. पण ते आकडे कुणाचे हे त्याला ठाऊक नसतं. जिजींचा १५२, आबांचा १४६, काकांचा १२८, त्या सुनेचा १५६, सगळे एका रांगेत, बिननावाचे. त्याला ठोका कळतो, माणूस कळत नाही. म्हणून आईनं वहीत प्रत्येकाला एक पान दिलं. वर नाव, खाली तारीख, वेळ, वरचं, खालचं, गोळी घेतली की नाही, आणि शेवटच्या रकान्यात तिला वाटेल ते. 'रात्री झोप नाही.' 'मुलीचं लग्न ठरलं.' 'पापड.' डॉक्टरांकडं जाताना माणूस आपलं पान दाखवतो. एका डॉक्टरांनी ते पान निरखून पाहिलं, 'पापड' वाचलं, आणि गोळी बदलायच्या आधी पथ्य लिहून दिलं.

आमच्या तालुक्याला आकडे नवे नाहीत. पाटणादेवीच्या परिसरात शके ११२८ चा शिलालेख आहे. 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, त्याची ती नोंद. मठाला कुणी काय दिलं, कुणाकडून किती घ्यायचं, हे त्यात कोरलंय. शेवटचा भाग तर जुन्या मराठीत आहे. हा लेख अभ्यासकांपुढं आणणारे भाऊ दाजी लाड मुंबईतले नावाजलेले डॉक्टर होते, याचं मला फार बरं वाटतं. पेशानं डॉक्टर असलेला माणूस दगडावरचे आकडे वाचत होता. आठशे वर्षांनी तो लेख आपल्याला काही सांगू शकतो, कारण आकड्याशेजारी माणसाचं नाव आहे. आईला हे मी सांगितलं तेव्हा तिनं वहीला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं.

कव्हरामागं पुराचीही आठवण होती. वही त्यानंतरची असली तरी, ३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट आम्ही कुणीच विसरलो नाही. कन्नड घाटात दरडी कोसळत होत्या, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकदम चढल्या, आणि पहाटेच्या अंधारात पाणी घरात आलं. वर चढवायच्या वस्तू किती आणि हात किती. आईनं तीन गोष्टी उचलल्या. देव, गोळ्यांचा डबा आणि निळी पिशवी. शेजारच्या दोन घरांतली माणसं आमच्या गच्चीवर आली होती, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली आम्ही अकरा जण. खाली पाण्यात भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. जिजींच्या छातीत धडधडत होतं. मोबाईलच्या उजेडात आईनं पट्टी बांधली. १८४/१०८. आईनं तो आकडा मोठ्यानं वाचला नाही. तिनं काचेवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "बरं आहे जिजी, गोळी घ्या आणि माझ्या अंगावर टेका." उजाडल्यावर, पाणी उतरायला लागल्यावर पुन्हा मोजलं. १४८. तो आकडा मात्र तिनं मोठ्यानं सांगितला. भीतीचा आकडा कधी सांगायचा आणि कधी झाकायचा, हे मशीनला कधीच येणार नाही.

आमच्या मशीनहून नवी भावंडं आता पुष्कळ आलीत. २०२१ च्या जुलैत सरकारनं बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा किमती खाली आल्या आणि आमच्यासारख्या घरांत या वस्तू आणखी शिरल्या. पलीकडच्या गल्लीतल्या मावशींचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं त्यांना ब्लूटूथचं मशीन आणून दिलंय. इथं मोजलं की आकडा तिथं त्याच्या मोबाईलवर. मावशी रोज सकाळी न चुकता मोजतात. मी विचारलं, रोज कशाला? म्हणाल्या, "नही मोजलं तं दुपारले त्याना फोन येस." मोजलं तरी येतो की, मी म्हटलं. "तेबी येस," म्हणाल्या, आणि इतक्या समाधानानं हसल्या की पुढं विचारायचं काही उरलं नाही. त्यांच्या आकड्याला पलीकडं कुणीतरी आहे.

सगळ्यांच्या बाबतीत तसं नाही, आणि याची मला खरी काळजी वाटते. सप्टेंबर २०२१ पासून देशभर आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झालं. प्रत्येकाचा चौदा अंकी आभा क्रमांक, त्याला जोडलेले सगळे तपासण्यांचे कागद, रुग्णाच्या संमतीनं कुठल्याही डॉक्टरला दिसतील अशी सोय. कल्पना फार चांगली. धुळ्याला हलवलेल्या पेशंटचे इथले कागद हरवतात, पुन्हा तपासण्या, पुन्हा पैसे, हे ज्यानं पाहिलंय त्याला तिचं मोल कळेल. पण आभा काढायला बहुतेक वेळा ओटीपी लागतो. जिजींच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर सुरतेला गेलेल्या मुलाचा. तो कामावर, फोन बंद. दुसरं म्हणजे, बँकेतून, पोलिसांकडून, टीव्हीवरून रोज एकच सांगणं कानावर पडतं, ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि दवाखान्याच्या खिडकीवर पहिला प्रश्न, 'आजी, ओटीपी सांगा.' जिजी सांगत नाहीत. त्यांना अडाणी म्हणणं चूक आहे. त्या शिकवलेलं पाळताहेत. ओटीपी कुठं सांगायचा, कुठं नाही, संमती दिली म्हणजे नेमकं काय कुणाला दिसणार, हे त्यांच्याशेजारी पाच मिनिटं बसून कुणी सांगितलेलं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला. तो जिजींच्या ओट्यापर्यंत यायला माणूस लागेल.

बायकांच्या बाबतीत तर आणखी एक बारकावा आहे. ओट्यावर मोजलेला आकडा साऱ्या गल्लीला ऐकू जातो. एका घरची मुलगी सासरहून आली, तिचा आकडा जास्त आला, आणि संध्याकाळपर्यंत 'तिला बीपी आहे' हे तिच्या सासरपर्यंत पोचलं. तेव्हापासून आई आकडा मोठ्यानं वाचत नाही. वहीत लिहिते, ज्याचा त्याला दाखवते. वही ती कुणाला चाळू देत नाही. मलासुद्धा नाही.

या नोंदींचं सगळं ओझं शेवटी आशाताईंच्या खांद्यावर येतं. २००५ साली उभी राहायला लागलेली ही बायकांची फौज आज गावोगाव आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरा, तंबाखू विचारा, बीपी-साखर मोजायला पाठवा, ते मोबाईलवर चढवा. आमच्या ताई रात्री जेवणं झाल्यावर ओट्याच्या दिव्याखाली बसून माहिती भरताना मी पाहिल्यात. अर्धं भरलं की रेंज जाते, पुन्हा पहिल्यापासून. मानधनासाठी आणि ऑनलाईन कामाच्या या बोज्याविरुद्ध राज्यातल्या आशांनी २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर संप केला, पुन्हा २०२४ च्या जानेवारीत केला. मी त्यांच्या बाजूचा आहे. ज्या हातांनी सूज दाबून पाहायची, ते हात रात्री अकराला मोबाईलवर रकाने भरण्यात झिजवायचे, हा हिशेब मला पटत नाही.

चांगलं कसं होऊ शकतं तेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात नर्सला मोबाईलवर एक छोटं ॲप दिलं गेलं. रुग्णाच्या कार्डावरचा चौकोनी कोड दाखवला की त्याचे मागचे आकडे समोर. आणि खरी गोष्ट पुढं आहे. या महिन्यात कोण यायचं राहिलं, त्यांची यादी ॲप स्वतः दाखवतं, मग त्या माणसाला दवाखान्यातून फोन जातो. 'काका, गोळ्या संपल्या असतील, आला नाहीत?' २०२२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. ते वाचून मला माझ्या काकांची आठवण झाली. सात आठवडे. त्या सात आठवड्यांत असा एक फोन पुरला असता.

काका आता रोज सकाळी आमच्याकडं चालत येतात. डाव्या हातात काठी. ओट्यावर भिंतीला टेकून बसतात, पाय जमिनीला, डावा दंड पुढं. पट्टी आई बांधते, आकडा काका वहीत स्वतः लिहितात. डाव्या हातानं, मोठ्या वळणाच्या अक्षरात, एका रेघेत मावत नाही म्हणून दोन रेघांत. त्यांचं पान लवकर भरतं.

आज सकाळी मशीनमध्ये नवे सेल घातलेत. सात ते नऊ ते ओट्यावर असतं. या. चहा घेऊन अर्धा तास झाला असेल तर पाच मिनिटं गप्प बसा, मग मोजू. आकडा चांगला आला म्हणून गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. वहीतलं आपलं पान घ्या आणि आधी डॉक्टरांना दाखवा.